कावळ्याच्या आधी

"हात जोड," काकू म्हणाल्या. "आणि यांना सांग, तू काय केलंस ते."

मी हात जोडले. समोर एक गृहस्थ उभे होते. ओलं धोतर, खांद्यावर पंचा. रामघाटावर वडिलांचं तर्पण करून थेट जेवायला आले होते. मागे त्यांची बायको आणि दोन बहिणी.

"माझ्याकडून उष्टं झालं," मी म्हणाले.

"काय उष्टं झालं? नीट सांग."

"स्वयंपाक उष्टा झाला. मी मधेच खाल्लं."

"काय खाल्लं?"

"दोन बिस्किटं."

"कुणाच्या आधी?"

मी त्यांच्या ओल्या धोतराकडे बघत होते.

"कुणाच्या आधी, ते सांग ना त्यांना."

"कावळ्याच्या आधी."

मग मला अंगणात उभं केलं आणि माझ्यासमोर सगळा स्वयंपाक गाईंच्या पुढ्यात ओतला. खिरीचं पातेलं, कढी, वडे, गवारीची भाजी, पुरणाची अख्खी परात. मी सकाळी सहापासून वाटलेलं पुरण. गाई तीन होत्या, त्यांनाही ते संपेना. मला रडू आलं नाही. मी एवढंच बघत होते की परातीच्या कडेला पुरण चिकटलंय आणि ते कुणी खरवडत नाहीये. ओतून झाल्यावर त्या गृहस्थांनी घड्याळात बघितलं आणि विचारलं, "मग दुसरं किती वेळात होईल?"

मी का खाल्लं, हे कुणीच विचारलं नाही.

काका-काकू म्हणजे माझे मालक, नात्यातले नव्हेत. त्यांचं स्वयंपाकघर रामघाटाच्या मागच्या गल्लीत आहे. श्राद्धाचा, सोवळ्यातला स्वयंपाक. उज्जैनची मराठी घरं आता लहान झाली, सुना नोकरीला जातात, एवढा घाट कोण घालणार? इंदूरहून, देवासहून लोक येतात, थेट महाराष्ट्रातूनही येतात. घाटावर विधी करायचा, इथे जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. वर्षभर कामं चालू असतात, पण पितृपक्षाचे पंधरा दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही.

नियम एकच. पान वाढून गच्चीवर ठेवायचं. काका कठड्याशी उभे राहतात. कावळा शिवला की वरून ओरडतात, "शिवला!" मग यजमान, ब्राह्मण जेवतात. त्यांचं झालं की आम्ही. तोपर्यंत स्वयंपाक करणारीनं तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. घरून उपाशी यायचं, अंघोळ करून, धुतलेलं नेसून. कावळा अकराला आला तर अकराला. दोनला आला तर दोनला. उज्जैनमध्ये कावळे आता कमीच झालेत. पंधरा दिवस त्यांचा रुबाब असा, की जावई बरा.

आणि मला मधुमेह आहे. म्हाताऱ्यांना होतो तो नाही. अकरा वर्षांची होते तेव्हापासून आहे. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. सकाळची सुई घेतली की लगेच खायचं आणि मग साडेअकराच्या आसपास परत खायचं. नाही खाल्लं तर रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम येतो. मग हात थरथरतात. मग ओठ बधिर होतात, जसे कुणी दुसऱ्याचेच ओठ आपल्या तोंडाला लावलेत. त्यानंतरचं मला आठवत नाही. ते दुसऱ्यांनी सांगितलेलं असतं.

हे मी काकूंना सांगितलं नव्हतं. सांगून बघितलं होतं, दुसऱ्या ठिकाणी. एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवत होते. सगळं सांगून लागले होते. एकदा जिन्यात पडले. मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून प्रेमानं सांगितलं, "बच्चों के सामने ये सब ठीक नहीं लगता, आप आराम कीजिए." मी अजून आरामच करतेय. मग टॉवर चौकातल्या एका साड्यांच्या दुकानात लागले. तिथे काउंटरवर खायला मनाई, बसायला मनाई. पर्समध्ये सुई दिसली म्हणून मालकाच्या मुलानं सगळ्यांसमोर विचारलं, "कौन सा नशा करती हो?" महिन्यानंतर तिथलंही सुटलं. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. वडिलांची खाजगी नोकरी होती, ते गेले तशी तीही गेली. नानाखेड्याच्या एका खोलीत आता आई आणि मी. माझी नोकरी गेली की घरातली चूल विझते. मग काकूंकडे लागताना मी तोंड मिटून घेतलं. काकूंनी विचारलं, "निर्जळी राहशील ना?" मी म्हटलं, राहीन. काकू म्हणाल्या, "आपल्यातलीच आहेस, तुला काय सांगायचं."

आठ महिने मी खोटं बोलले. घरी सुई घ्यायची, दोन पोळ्या खायच्या, चूळ भरायची आणि उपाशी असल्याचा चेहरा करून जायचं. साडेअकराला कोठीच्या खोलीत तूप काढायच्या निमित्तानं शिरायचं आणि ओच्यात बांधलेली बिस्किटं न चावता गिळायची. बिस्किट चावलं की आवाज होतो, म्हणून आधी ते तोंडात भिजू द्यायचं. आपलंच तोंड आणि आपलीच चोरी.

त्या दिवशीच्या यजमानांचं बुकिंग मीच फोनवर घेतलं होतं. ते म्हणाले होते, "बाबांना शुगर होती. शेवटची बारा वर्षं आम्ही त्यांना गोड खाऊ दिलं नाही. पानात जिलबी पाहिजेच. आणि श्रीखंड." मी वहीत लिहून घेतलं. जिलबी मागवली. पान वाढून गच्चीवर गेलं.

कावळा येईना. बारा वाजले. एक आला, कठड्यावर बसला, उडून गेला. साडेबारा. यजमानांची धाकटी बहीण अंगणातून गच्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आता काही पथ्य नाही. खा ना हो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांच्याच होतं. मी आत पोळ्या लाटत होते आणि एका पोळीच्या मला दोन दिसत होत्या. त्या दिवशी कोठीत सारखं कुणी ना कुणी होतं, म्हणून साडेअकराची बिस्किटं राहिली होती. ओठ गेले. मी उठले, कोठीत शिरले, गाठ सोडली. दुसरं बिस्किट तोंडात असताना काकू तूप घ्यायला आल्या.

मी सांगितलं त्यांना. तोंड भरलेलं होतं, तरी सांगितलं. "काकू, मला शुगर आहे. लहानपणापासून. सुई घेते. शुगर उतरली होती."

"शुगर आहे?" काकू म्हणाल्या. "आणि शुगर आहे तर बिस्किटं कशी खाल्लीस? मला काय बिल्कुल येडी समजतेस? एक तर खोटारडी, वर खादाड."

तेवीस वर्षं हा आजार माझ्या अंगात आहे, तो मी झोपेतही समजावून सांगू शकते. पण ज्याला समजून घ्यायचंच नाही त्याच्यासमोर शब्द सापडत नाहीत. मी हात धुतले आणि त्या म्हणाल्या तशी बाहेर जाऊन हात जोडले.

त्या दुपारची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती संध्याकाळची. संध्याकाळी मी काकूंच्या पाया पडले. म्हटलं, काढू नका. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण हरीला निदान आपण पाय कुणाचे धरतोय हे माहीत असतं. मला तेव्हा खरंच वाटत होतं की चूक माझी आहे. काकूंनाही पक्षात हात कमी पडत होते. त्यांनी उपकार केल्यासारखं ठेवून घेतलं. अट घातली. अमावास्येपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, बाहेर नळावर भांडी घासायची. आणि दुसरं.

"सुई घेतली की खावं लागतं म्हणतेस ना? मग पक्षात सकाळची सुईच घेऊ नकोस. थोडे दिवस नाही घेतली तर कुणी मरत नाही. पितरांसाठी एवढं नाही होत?"

मी म्हटलं, होतं.

घरी आईला सांगितलं. आईनं आधी मला वाढलं. मग म्हणाली, "सांभाळून घे गं थोडं. आपल्यातली माणसं आहेत." तीही घाबरली होती. तिला दोष देत नाही.

नळावर कमलाबाई होत्या. भांडी घासायचं काम त्यांचं, कित्येक वर्षांचं. त्यांना उंबरठ्याच्या आत यायला मनाई. का, ते मी कधी विचारलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. आठ महिने मीच त्यांना उंबरठ्यावरून वाढत होते. ओंजळीत वरून पाणी घालत होते, हात लागणार नाही अशा बेतानं. नाव घेऊन 'बाई' म्हणत होते आणि माझ्या मते चांगलीच वागत होते. हे लिहिताना हात अडतो, पण लिहायला पाहिजे.

मी नळाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी आपला पाट माझ्याकडे सरकवला.

"बैठ."

मी बसले. आमच्यात तेवढंच बोलणं झालं त्या दिवशी.

कमलाबाई सकाळी दहाला आपली भाकरी सोडायच्या. लसणाची चटणी, कांदा. गच्चीवर पान गेलेलं असो नसो. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "भूख लगी तो खा ली. इसमें किससे पूछना?" मी काही खाल्लं नाही. खायची भीती वाटत होती. सुई न घेता खाल्लं तर साखर चढणार. न खाताही चढणारच होती. ते मला माहीत होतं. सगळं माहीत असून मी रोज सकाळी सुई घरी ठेवून जात होते. संध्याकाळची घ्यायचे, वाटायचं तेवढ्यावर निभेल. वाटायचं म्हणजे काय, मी विचार करायचंच बंद केलं होतं. कढया घासायचे. राख, काथ्या, पाणी. कढई चकचकीत झाली तरी घासत राहायचे. कमलाबाई हातातून काढून घ्यायच्या.

मग तहान सुरू झाली. नळाला तोंड लावून पाणी प्यायचे, तरी घसा कोरडा. दर थोड्या वेळानं लघवीला. "कितना पानी पिएगी, छोरी?" कमलाबाई विचारायच्या. चौथ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. पाचव्या दिवशी उलट्या झाल्या आणि श्वास भराभर यायला लागला, धावून आल्यासारखा. मी नळाशीच आडवी झाले. खालच्या फरशीचा गारवा तेवढा छान वाटला.

काकू उंबरठ्यावर आल्या. आवाज आठवतो. "तिला त्या बाजूला घ्या, यजमान लोक येतायत. फालतूचा तमाशा नको."

एवढंच.

बॅटरी रिक्षा कमलाबाईंनी थांबवली. मला उचलून आत घातलं त्यांनीच. माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या ओल्या लुगड्याला राखेचा वास येत होता. सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. रात्रंदिवस बोटं टोचत होते. डॉक्टर बाई होत्या, तरुण. दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडून बघायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "इन्सुलिन किसने बंद किया?"

"मैंने," मी म्हणाले.

"किसके कहने पर?"

मी नाव सांगितलं नाही. तिथेही नाही. त्या पलंगावरही मला नोकरीच दिसत होती. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, "एक दिन और देर होती तो आपका भी श्राद्ध लग जाता."

त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. मी छताकडे बघत राहिले. माझं श्राद्ध. आई काकूंकडेच करायला सांगेल, दुसरीकडे कुठे जाणार. कुणीतरी फोनवर लिहून घेईल, मुलीला गोड चालत नव्हतं, पानात जिलबी ठेवा. मग सगळे अंगणात हात जोडून उभे राहतील. काकूही. कावळा येईना म्हटल्यावर त्या वर बघून म्हणतील, "खा गं बाई, आता काही पथ्य नाही." मेल्यावर माझी भूक त्यांना लगेच कळेल. तेव्हा दोन बिस्किटांसाठी कुणी मला खादाड म्हणणार नाही.

आजारपणात पहिल्यांदा मला राग आला. तो मोठा नव्हता. पण तो माझा होता आणि तो गेला नाही.

संध्याकाळी कमलाबाई डबा घेऊन आल्या. मुगाची खिचडी. आई शेजारी बसलेली. कमलाबाईंनी डबा उघडला नाही, हातातच धरून विचारलं, "मेरे घर का खाएगी?"

आई माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला. खिचडी गरम होती, मीठ थोडं जास्त. मी डबा पुसून खाल्ला. मग म्हटलं, "बाई, मी तुम्हाला वरून पाणी घालायचे." त्या म्हणाल्या, "मालूम है." बाकी काही नाही. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते मागितलं नाही.

सर्वपित्री अमावास्येला मी कामावर गेले. सुई घेऊन, दोन पोळ्या खाऊन. काकू दारातच होत्या, केस विस्कटलेले. आठ महिन्यांत मी त्यांना तशा बघितल्या नव्हत्या.

"आलीस? बरं झालं. आज सात यजमान आहेत आणि पोळ्यांना कुणी नाही. अंघोळ करून आलीस ना? चल, आत हो."

गेले सात-आठ दिवस मी जिवंत होते का, हे विचारलं नाही. विचारतील असं मला वाटलंही नव्हतं.

"मी खाऊन आलेय," मी म्हणाले. "सुई घेतलीय. साडेअकराला परत खाणार. बाहेर बसून खाईन, हात धुऊन आत येईन."

"आज अमावास्या आहे! डोकं फिरलंय का तुझं?"

"नाही."

तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि काकू आत पळाल्या. मीही आत गेले, परात ओढली आणि लाटायला बसले.

साडेअकरा वाजले. गच्चीवर सात पानं होती आणि एकालाही चोच लागली नव्हती. मी लाटणं खाली ठेवलं. हात धुतले. उंबरठा ओलांडून नळाशी गेले, कमलाबाईंच्या शेजारी पाटावर बसले आणि डबा उघडला. पोळी, भेंडीची भाजी, दही. लपवलं नाही. अंगणात यजमान होते, त्यांच्या बायका होत्या, मुलं होती. सगळे बघत होते. माझे हात थरथरत होते. शुगर कमी झाली म्हणून नाही, भीतीनं. ते मला ओळखता येतं.

काकू उंबरठ्यावर आल्या. आवाज दाबून म्हणाल्या, "थांब. एक तरी शिवू दे."

"नाही."

"सगळा स्वयंपाक टाकून द्यावा लागेल, कळतंय का तुला?"

"टाका," मी म्हणाले आणि पहिला घास घेतला. चावला. आवाज झाला.

काकूंनी मागे वळून बघितलं. आत सात घरांचा स्वयंपाक होता. पुरणाच्या तीन पराती. अंगणात सात घरची माणसं, त्यातली काही संध्याकाळच्या गाडीची. मग काका जिन्यावरून खाली आले आणि काय झालं म्हणून विचारायला लागले, तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या, "काही नाही. ती बाहेर बसून खातेय. बाहेर खाल्लं तर चालतं." आणि मला, न बघता, "हात धू आणि लवकर ये. पुरण तसंच पडलंय."

त्या दिवशी अन्न उष्टं झालं नाही. सात यजमान होते.

मी सावकाश जेवले. आत जाऊन राहिलेल्या पोळ्या लाटल्या. एकही वाकडी झाली नाही. कावळा कधी शिवला, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर काकूंनी बोलावलं. "आजचं झालं ते झालं. अडचण होती म्हणून चालवून घेतलं. पुढच्या आठवड्यात एक वर्षश्राद्ध आहे, तेव्हा नीट उपाशी यायचं. हे नखरे दर वेळेला चालणार नाहीत."

"मी खाऊन येणार," मी म्हणाले. "आणि साडेअकराला परत खाणार."

"मग दुसरी बघावी लागेल मला."

"बघा. पण मला काढताना कागदावर लिहून द्या. उष्टं केलं म्हणून काढलं, असं नाही. हिला शुगर आहे आणि ही वेळेवर जेवते म्हणून काढलं, असं लिहा. खाली सही करा."

काकू पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "जीभ फार लांब झालीय तुझी." हातांनी पोळ्या लाटत होते तोपर्यंत जीभ कुणी मोजली नव्हती.

कागद अजून मिळालेला नाही. मिळाला तर घेईन, घडी घालून जपून ठेवीन आणि पुढच्या ठिकाणी आधी तोच दाखवीन. मला हे आहे, मी या वेळेला खाते, ठेवायचं तर ठेवा. नोकरी जाऊ शकते. मला ते माहीत आहे, आईलाही सांगितलंय. पण हात जोडून त्या दिवशी जे वाक्य म्हटलं, ते आता माझ्या तोंडातून निघणार नाही. मी उष्टं केलं नव्हतं. मला भूक लागली होती.

मी रोज जाते. डबा ओच्यात बांधत नाही. आल्या आल्या नळाच्या कठड्यावर ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. साडेअकरा वाजले की लाटणं ठेवते, हात धुते, बाहेर येते आणि डबा उघडते. गच्चीवर काय चाललंय, ते बघायला मान वर करत नाही.